ऑक्सिजन विश्लेषक (स्कुबा डायव्हिंग)

ऑक्सिजन विश्लेषक हे सिलिंडरमध्ये भरलेल्या श्वसनवायूत ऑक्सिजनचे प्रमाण किती टक्के आहे, हे पाण्यात उतरण्यापूर्वी मोजून दाखवणारे लहानसे उपकरण आहे. पाणबुड्यांच्या रोजच्या बोलण्यात त्याला ‘ॲनालायझर’ असेच म्हणतात. हवेपेक्षा अधिक ऑक्सिजन असलेले ‘नायट्रॉक्स’ किंवा हेलियम मिसळलेले ‘ट्रायमिक्स’ वापरणाऱ्या प्रत्येकाने आपला सिलिंडर स्वतः तपासून घ्यावा, असा दंडक स्कुबा डायव्हिंगच्या प्रशिक्षणात घालून दिलेला असतो. वायूला रंग नसतो, वास नसतो. २१ टक्के ऑक्सिजनचा सिलिंडर आणि ४० टक्क्यांचा सिलिंडर शेजारी शेजारी ठेवले, तर त्यांतील फरक कोणत्याही इंद्रियाला कळत नाही. तो केवळ या उपकरणाला कळतो.

या लेखात ‘पाणबुड्या’ हा शब्द बुडी मारणारी व्यक्ती या जुन्या अर्थाने वापरला आहे. ‘पाणबुडी’ म्हणजे समुद्राखालून जाणारी नौका; तिचा उल्लेख इतिहासाच्या विभागात एकदाच येतो.

गरज

कोरड्या हवेत सुमारे २०.९ टक्के ऑक्सिजन, ७८ टक्के नायट्रोजन आणि उरलेला भाग मुख्यतः अरगॉन असतो. समुद्रसपाटीवर हवेचा दाब साधारण १ बार असतो आणि पाण्यात दर १० मीटर खोलीला तो आणखी सुमारे १ बारने वाढतो. मिश्रणातील एखाद्या वायूचे प्रमाण आणि एकूण दाब यांचा गुणाकार म्हणजे त्या वायूचा आंशिक दाब. शरीरावर होणारा परिणाम टक्केवारीवर नव्हे, तर या आंशिक दाबावर अवलंबून असतो.

शालेय पुस्तकांतून ऑक्सिजनला ‘प्राणवायू’ म्हणण्याची आपल्याकडे परंपरा आहे. शब्द सुंदर आहे, पण त्याने एक गैरसमजही रुजवला आहे: जो प्राण देतो तो जितका जास्त तितका चांगला, असा. प्रत्यक्षात दाबाखालील ऑक्सिजन मज्जासंस्थेला विषासारखा बाधतो. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हे प्रयोगांनिशी मांडले. म्हणून या परिणामाला ‘पॉल बेर परिणाम’ असे नाव पडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश नौदलाचे वैद्यकीय अधिकारी केनेथ डोनाल्ड यांनी स्वयंसेवक पाणबुड्यांवर विस्तृत चाचण्या घेतल्या. त्यांतून दिसून आले, की ऑक्सिजन सहन करण्याची शक्ती माणसागणिक बदलते, इतकेच नव्हे, तर एकाच माणसात ती दिवसागणिक बदलते. काल त्रास झाला नाही, यावरून आजचे काहीच सांगता येत नाही.

या विषबाधेत अपस्मारासारखे झटके येतात आणि पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना मिळत नाही. जमिनीवर असा झटका ओसरतो व माणूस सावरतो. पाण्याखाली मात्र झटक्यात तोंडातील रेग्युलेटर सुटतो आणि माणूस बुडून मरतो. म्हणून बुडीच्या मुख्य काळात ऑक्सिजनचा आंशिक दाब १.४ बारपेक्षा अधिक होऊ द्यायचा नाही आणि १.६ बार ही टोकाची मर्यादा समजायची, असा संकेत सर्वत्र पाळला जातो.

३२ टक्क्यांच्या नायट्रॉक्ससाठी १.४ बारची मर्यादा सुमारे ३३ मीटरवर येते, ३६ टक्क्यांसाठी सुमारे २८ मीटरवर. हिशेब सोपा आहे: १.४ ला ऑक्सिजनच्या दशांश प्रमाणाने भागावे, त्यातून १ वजा करावा आणि उत्तराला १० ने गुणावे. आता असे समजा, की सिलिंडरवर ३२ लिहिले आहे, पण भरताना चूक होऊन आत ४० टक्के ऑक्सिजन गेला आहे. लिखित आकड्यावर विसंबून पाणबुड्या ३३ मीटरवर पोचला, तर तेथील एकूण दाब ४.३ बार आणि ऑक्सिजनचा आंशिक दाब १.७२ बार होतो. टोकाची मर्यादाही ओलांडली गेली, आणि हे त्याला सांगणारे पाण्याखाली काहीही नाही. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटरसुद्धा जो आकडा भरून दिला, त्याच आकड्यावर हिशेब करतो.

उलट चूकही निरुपद्रवी नसते. नायट्रॉक्सचा उपयोग अधिक खोल जाण्यासाठी नसून शरीरात नायट्रोजन कमी मुरावा, म्हणजे त्याच खोलीवर अधिक वेळ थांबता यावे, यासाठी असतो. ३६ टक्के समजून साधी हवा वापरली, तर वेळेचा हिशेब चुकतो आणि वर येताना नायट्रोजनचे बुडबुडे होऊन विसंपीडनाचा आजार, म्हणजे ‘बेंड्स’, जडू शकतो.

इतिहास

ऑक्सिजन चुंबकाकडे किंचित ओढला जातो. या गुणावर आधारलेले मापक रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९४० साली तयार केले. अमेरिकी नौदलाला पाणबुड्यांमधील, म्हणजे येथे सबमरीनमधील, हवेतला ऑक्सिजन मोजायचा होता. त्या मागणीतून हे उपकरण जन्मले. १९५० च्या दशकात लेलंड क्लार्क यांनी रक्तातील ऑक्सिजन मोजण्यासाठी पातळ पडद्यामागे इलेक्ट्रोड ठेवण्याची युक्ती काढली. पडद्यातून झिरपणाऱ्या ऑक्सिजनचे मापन करण्याची हीच कल्पना आजच्या डायव्हिंग विश्लेषकांतही दिसते.

नायट्रॉक्सच्या वापराला शिस्त आणली ती अमेरिकेच्या ‘नोआ’ या सागरी व वातावरणीय संस्थेने. तेथील मॉर्गन वेल्स यांच्या पुढाकाराने विकसित झालेल्या पद्धती १९७९ च्या नोआ डायव्हिंग मॅन्युअलमध्ये समाविष्ट झाल्या. याच संस्थेतून निवृत्त झालेल्या डिक रुटकोव्स्की यांनी १९८५ साली हौशी पाणबुड्यांना नायट्रॉक्स शिकवणारी संघटना स्थापन केली. नायट्रॉक्स सर्वसामान्य पाणबुड्यांच्या हाती आला, तसा विश्लेषकही प्रयोगशाळेतून बोटीवर आला.

कार्यतत्त्व

बोटीवर आढळणारे बहुतेक विश्लेषक गॅल्व्हॅनिक सेलवर चालतात. हा सेल म्हणजे एक प्रकारची विद्युतघटमालेतील घटासारखी कुपी असते. तिच्यात शिशाचा ॲनोड, सोन्यासारख्या राजधातूचा कॅथोड आणि दोहोंमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण असते. कॅथोडच्या बाजूला टेफ्लॉनसारख्या पदार्थाचा अतिशय पातळ पडदा असतो. त्यातून ऑक्सिजनचे रेणू आत झिरपतात, कॅथोडवर त्यांची अभिक्रिया होते, शिसे हळूहळू शिशाच्या ऑक्साइडमध्ये बदलते आणि या व्यवहारात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. जितके रेणू आत, तितका प्रवाह. डायव्हिंगसाठीच्या नेहमीच्या नव्या सेलमधून हवेत साधारण ९ ते १३ मिलिव्होल्ट इतका दाब मिळतो.

सेल टक्केवारी मोजत नाही, आंशिक दाब मोजतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. समुद्रसपाटीवर १० मिलिव्होल्ट देणारा सेल सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरी नेला, तर तेथे तो साडेआठच्या आसपास दाखवील, कारण तेथील हवेचा दाबच सुमारे १५ टक्क्यांनी कमी आहे. हवेतील ऑक्सिजनची टक्केवारी मात्र दोन्ही ठिकाणी एकच. म्हणून उपकरणाला प्रत्येक वेळी, जेथे वापरायचे तेथेच, ज्ञात प्रमाणाच्या वायूवर जुळवून घ्यावे लागते. यालाच अंशशोधन किंवा रूढ भाषेत कॅलिब्रेशन म्हणतात.

अलीकडे शिसे नसलेले सेल, तसेच प्रकाशदीप्तीच्या बदलावरून ऑक्सिजन ओळखणारे संवेदकही मिळू लागले आहेत. पॉलिंग यांच्या तत्त्वावरील चुंबकीय विश्लेषक अचूक असतात, पण नाजूक व महाग असल्याने ते मुख्यतः प्रयोगशाळा व उद्योगांतच राहिले.

सेलचे वार्धक्य

विश्लेषकातील यंत्रणा वर्षानुवर्षे टिकते. सेल टिकत नाही. त्यातले शिसे म्हणजे त्याचे आयुष्य, आणि हवेतील ऑक्सिजनमुळे ते रात्रंदिवस खर्च होत असते, मग उपकरण चालू असो वा बंद. घड्याळातील बॅटरी जशी घड्याळ न पाहिल्यानेही संपते, तसेच हे. साधारण दोन ते तीन वर्षांत सेल बदलावा लागतो. नेमकी मुदत निर्मात्याच्या पत्रकात दिलेली असते.

खरा धोका सेल पूर्ण मरतो तेव्हा नसतो. मेलेला सेल अंशशोधन होऊच देत नाही, त्यामुळे तो लगेच पकडला जातो. धोका असतो तो थकलेल्या सेलचा. शिसे संपत आले किंवा द्रावण सुकू लागले, की सेल ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह देऊ शकत नाही. हवेतील कमी ऑक्सिजनला तो व्यवस्थित प्रतिसाद देतो, पण ऑक्सिजन वाढत गेला, की मध्येच अडखळतो आणि प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो. म्हणजे असा सेल हवेवर निर्दोष जुळतो, पडद्यावर २०.९ हा आकडा शांतपणे उमटतो, पाणबुड्या निश्चिंत होतो. आणि मग ऑक्सिजनने समृद्ध असलेला सिलिंडर त्याला कमी समृद्ध म्हणून दाखवला जातो. चूक नेमकी जीवघेण्या दिशेने होते. हवेवरील अंशशोधन हा सेलच्या प्रकृतीचा पुरावा नव्हे. एका प्रश्नाचे उत्तर बरोबर आले, म्हणून विद्यार्थ्याला सगळा धडा येतो असे कोणी मानत नाही. सेललाही दुसरा प्रश्न विचारावा लागतो.

हा दुसरा प्रश्न म्हणजे शुद्ध ऑक्सिजन. हवेत मिळालेल्या मिलिव्होल्टला २०.९ ने भागून १०० ने गुणले, की शुद्ध ऑक्सिजनमध्ये किती मिलिव्होल्ट मिळायला हवेत ते कळते. कोरड्या हवेत १०.५ मिलिव्होल्ट देणाऱ्या निरोगी सेलने ऑक्सिजनमध्ये सुमारे ५०.२ मिलिव्होल्ट दिले पाहिजेत. तो ४६ वरच थांबला, तर विश्लेषक शुद्ध ऑक्सिजनला सुमारे ९२ टक्के म्हणत आहे. असा सेल ३२ टक्क्यांवर कदाचित अजून बरोबर बोलत असेल, पण त्याची उतरण सुरू झाली आहे. विसंपीडनासाठी ५० टक्के किंवा शुद्ध ऑक्सिजन वापरणाऱ्या तांत्रिक पाणबुड्यांना अशी चूक आधी भोवते, केवळ ४० टक्क्यांपर्यंतचे नायट्रॉक्स वापरणाऱ्यांना उशिरा. ज्यांच्या हाताशी शुद्ध ऑक्सिजन नाही, त्यांनी निदान प्रमाणित नायट्रॉक्सवर किंवा नव्या सेलच्या दुसऱ्या विश्लेषकाशी आकडा ताडून पाहावा.

याहून सोपा आणि फुकटचा उपाय म्हणजे वही. नवा सेल बसवला त्या दिवशीची तारीख व हवेतील मिलिव्होल्ट लिहून ठेवावेत आणि पुढे दर महिन्याला एक नोंद करावी. आकडा हळूहळू उतरणे स्वाभाविक आहे. तो एकदम घसरला, वर-खाली नाचू लागला किंवा निर्मात्याने दिलेल्या मर्यादेखाली गेला, तर सेल बदलावा. रिब्रीदर या बंद प्रणालीच्या उपकरणांत हेच सेल पाण्याखाली श्वास नियंत्रित करतात, म्हणून तेथे ते साधारण वर्षभरात बदलण्याची रीत आहे.

निवड

विकत घेताना पडद्याची सुबकता पाहण्यापेक्षा सेलची चौकशी करावी. सेल वापरणाऱ्याला स्वतः बदलता येतो का, तो कोणत्या जोडणीचा आहे, आणि त्याच जोडणीचे सेल एकाहून अधिक निर्माते बनवतात का? तीन टाचण्यांची जोडणी, समाक्षीय जोडणी आणि ३.५ मिलिमीटरचा जॅक असे प्रकार प्रचलित आहेत. दिसायला सारखे सेल एकमेकांच्या जागी चालतीलच असे नाही. वैद्यकीय उपकरणांसाठी किंवा वाहनांच्या धूरतपासणीसाठी बनवलेले सेलही बाजारात असतात. त्यांची रचना जवळची असली, तरी विश्लेषकाच्या निर्मात्याने मान्य केल्याशिवाय ते बसवणे शहाणपणाचे नाही.

सेलवर निर्मितीची तारीख सांकेतिक अंकांत छापलेली असते. भारतात सेल बहुधा परदेशातून मागवावे लागत असल्याने खरेदीपूर्वी ती अवश्य विचारावी. दुकानात वर्षभर पडून राहिलेला ‘नवा’ सेल स्वस्तात मिळाला, तरी त्याचे आयुष्य आधीच काहीसे खर्चलेले असते.

मिलिव्होल्ट दाखवणारा विश्लेषक घेणे केव्हाही चांगले. पुष्कळ उपकरणे केवळ टक्केवारी दाखवतात आणि सेलची अवस्था झाकून ठेवतात. काही उपकरणे अंशशोधन आपोआप करून टाकतात, तेव्हा तर वापरणाऱ्याला काहीच कळत नाही. दशांश एकापर्यंतचा आकडा, तापमानाची भरपाई आणि वायूचा प्रवाह मर्यादित ठेवणारी सोय हवी. मात्र ०.१ टक्क्यापर्यंत आकडा दिसतो म्हणजे अचूकताही तेवढी असते, असे नाही. प्रत्यक्षात साधारण एक टक्का इकडे-तिकडे धरूनच चालावे लागते.

अंशशोधन आणि दमट हवा

बोटीवर उभे राहून उपकरण हवेत हलवायचे आणि २०.९ वर लावायचे, ही सर्रास दिसणारी पद्धत आहे. थंड, कोरड्या देशांत ती चालून जाते. कोकण किनारपट्टीसारख्या दमट हवेत मात्र तिच्यात खोट राहते. ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर हवेतील पाण्याची वाफ सुमारे ३४ मिलिबार जागा व्यापते आणि ऑक्सिजनचे खरे प्रमाण २०.९ ऐवजी साधारण २०.२ टक्के होते. सिलिंडरमधील वायू कोरडा असतो. दमट हवेला २०.९ मानून लावलेले उपकरण मग ३२ टक्क्यांच्या कोरड्या मिश्रणाला ३३ च्या वर दाखवते. ऑक्सिजनच्या विषबाधेच्या दृष्टीने ही चूक सुरक्षित बाजूची असली, तरी नायट्रोजनच्या हिशेबात ती उलटी पडते. यावर उपाय म्हणजे साध्या हवेने भरलेल्या सिलिंडरमधील कोरड्या हवेवर, त्याच प्रवाहाने, अंशशोधन करणे.

मालवण–तारकर्ली किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंड परिसरात पर्यटकांना घडवल्या जाणाऱ्या बुड्या कमी खोलीच्या व साध्या हवेवरच्या असतात. तेथे विश्लेषकाचे काम सहसा पडत नाही. पण तेथून गोडी लागून जे पुढे अंदमान, लक्षद्वीप किंवा मालदीवला नायट्रॉक्सवर बुड्या मारतात, त्यांना हीच दमट हवा तेथेही भेटते.

सिलिंडरची तपासणी

वातानुकूलित खोलीतून उपकरण एकदम उन्हात आणले, तर पडद्यावर दव धरते आणि तापमानाची भरपाईही मागे पडते. म्हणून ते काही वेळ बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावे. सिलिंडरचा व्हॉल्व्ह आधी अगदी थोडा उघडून तोंडाशी साचलेले पाणी व धूळ उडवून द्यावी आणि मगच विश्लेषकाची नळी जोडावी. प्रवाह मिनिटाला १ ते २ लिटर पुरतो. वायूचा झोत जोराने सेलवर सोडला, तर पडद्याशी दाब वाढून आकडा फुगतो. आकडा स्थिर होईपर्यंत, अर्धा ते एक मिनिट, थांबावे. घाईत पहिला दिसलेला आकडा टिपणे ही नेहमीची चूक आहे. शुद्ध ऑक्सिजन व हवा एकाच सिलिंडरमध्ये आळीपाळीने भरून मिश्रण केले असेल, तर दोन्ही वायू नीट मिसळण्यास वेळ द्यावा आणि बुडीपूर्वी पुन्हा मोजावे.

मोजलेला आकडा, त्यावरून निघणारी कमाल खोली, तारीख आणि मोजणाऱ्याचे नाव चिकटपट्टीवर लिहून ती सिलिंडरच्या मानेशी लावतात. भरणाऱ्या केंद्राच्या नोंदवहीतही सही केली जाते. मागितलेल्या आणि मोजलेल्या आकड्यांत एका टक्क्याहून अधिक फरक निघाला, तर नव्या आकड्याने हिशेब करावा किंवा सिलिंडर परत द्यावा. येथे संकोच आड येऊ देऊ नये. भरणारा परिचयाचा आहे, वर्षानुवर्षांचा अनुभवी आहे, त्याने स्वतः मोजले आहे, हे सगळे खरे असले, तरी त्या वायूचा श्वास तो घेणार नसतो. सिलिंडरची अदलाबदल होण्याची शक्यता बोटीवर नेहमीच असते; म्हणून जो बुडी मारणार त्यानेच मोजावे किंवा निदान आपल्या डोळ्यांसमोर मोजून घ्यावे.

देखभाल

सेलचे शत्रू तीन: उष्णता, पाणी आणि आदळआपट. उन्हात उभ्या मोटारीत किंवा बोटीच्या टपावर ठेवलेल्या सेलमधील द्रावण सुकते व शिसे वेगाने झिजते. गोठणबिंदूखालील तापमानही त्याला मानवत नाही, त्यामुळे फ्रीझरमध्ये ठेवून आयुष्य वाढवण्याचा प्रयत्न करू नये. पडद्यावर पाण्याचा थेंब बसला, तर ऑक्सिजन आत पोचत नाही आणि आकडा घसरतो. अशा वेळी पडद्याला बोट किंवा कापड न लावता, तोंड खाली करून सावलीत वाळू द्यावे. त्यावर फुंकर मारणे व्यर्थ. श्वासातून ओलावाच जातो.

वापरात नसताना सेल हवाबंद पिशवीत ठेवला, तर झीज मंदावते, थांबत नाही. आणि बाहेर काढल्यावर तो स्थिर होण्यास वेळ घेतो. बुडीच्या सकाळी पिशवी उघडणाऱ्याला याचा फायदा नाही. खाऱ्या हवेने जोडणीच्या धातूवर हिरवट गंज चढतो व आकडे उड्या मारू लागतात. दोष सेलचा समजून नवा सेल घेण्याआधी ही जोडणी कोरड्या ब्रशने साफ करून पाहावी, तसेच उपकरणाची बॅटरी बदलून पाहावी.

सेल पडून तडकला, तर त्यातून पाझरणारे द्रावण त्वचेला व डोळ्यांना जाळते. लागलेला भाग भरपूर पाण्याने धुवावा. डोळ्यात गेल्यास धुणे चालू ठेवूनच डॉक्टरांकडे जावे. संपलेल्या सेलमध्ये शिसे असते, म्हणून तो घरच्या कचऱ्यात किंवा समुद्रात न टाकता ई-कचरा संकलनात द्यावा.

मर्यादा

हे उपकरण फक्त ऑक्सिजन ओळखते. कॉम्प्रेसरच्या बिघाडाने किंवा जवळच्या इंजिनाच्या धुरामुळे सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड शिरला असेल, तर ऑक्सिजन विश्लेषकावर काहीही दिसत नाही. त्यासाठी वेगळा मापक लागतो. ट्रायमिक्समधील हेलियमचे प्रमाणही त्याला कळत नाही. ते वायूची उष्णतावाहकता किंवा त्यातील ध्वनीचा वेग मोजून काढतात. अतिखोल बुड्यांसाठीच्या काही ट्रायमिक्समध्ये ऑक्सिजन १० टक्क्यांच्या आसपास असतो. खोलवर तो पुरेसा ठरतो, पण पृष्ठभागावर असा वायू हुंगला, तर माणूस बेशुद्ध पडू शकतो. तेथे विश्लेषकावरील आकडा जास्त आहे का हे पाहायचे नसते, कमी आहे का हे पाहायचे असते, आणि कोणता सिलिंडर कोठे तोंडाला लावायचा हे त्यावरून ठरते.